गुरू एक करावा की अनेक?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या आरे कॉलनीत पहाटेचं धुकं खाली उतरतं. बाहेर गोरेगावला, अंधेरीला घाम पुसत फिरणारी माणसं इकडे आली की म्हणतात, इथे अजून थंडी शिल्लक आहे हो! तबेल्यांतून म्हशींच्या गळ्यातल्या साखळ्यांचा आवाज येतो, पाड्याकडून कोंबडा आरवतो, आणि आमच्या युनिटमधल्या लहानशा दत्तमंदिरात काकडआरतीची घंटा वाजते. दत्तजयंतीच्या आधीचे सात दिवस गुरुचरित्राचं पारायण असतं. संध्याकाळी भजन. पेटी, तबला, टाळ, चिपळ्या. वाजवणारे कोण? तर दूध खात्यातले निवृत्त लोक, एक रिक्षावाला, दोन शाळकरी मुलं आणि माझी नात. ती पेटीवर बसते.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात पहिल्या दिवसाचं वाचन संपलं, प्रसाद झाला आणि घरी जाताना नातीनं विचारलं, "आबा, आपण एकदा गुरू केला की तो बदलायचा नसतो का?"

मी म्हटलं, "का गं? काय झालं?"

झालं होतं असं की चार वर्षं ती एका मास्तरांकडे पेटी शिकतेय. आता तिला बासरी शिकायची आहे. तिनं हे मास्तरांना सांगितलं, तर ते तडकले. म्हणाले, "दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काही होत नाही. बासरी शिकायची तर खुशाल शीक, पण मग इथे येऊ नकोस." पोर हिरमुसली. घरी येऊन बापाला म्हणाली, तर माझा मुलगा तिला एवढंच म्हणाला, "आबांना विचार. त्यांना या विषयातला अनुभव आहे."

त्या वाक्याचा टोला मला बरोबर लागला. तो का लागला ते पुढे सांगतो. आधी प्रश्नाकडे वळू, कारण तो प्रश्न एकट्या माझ्या नातीचा नाही. आपण दत्तभक्त म्हणवणाऱ्या सगळ्यांचा तो आहे. आपल्याच दोन ग्रंथांनी त्याची दोन उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर गुरुचरित्राचं. दुसऱ्या अध्यायातली वेदधर्म मुनी आणि त्यांचा शिष्य दीपक यांची कथा आपल्याला पाठ आहे. गुरू म्हणाले, माझं पूर्वकर्म मला एकवीस वर्षं भोगायचं आहे, अंगाला कुष्ठ येईल, डोळे जातील, कोण सेवा करील? दीपक एकटा पुढे झाला. काशीला राहून भीक मागायची, गुरूंना जेवू घालायचं, जखमा धुवायच्या. वर गुरू शिव्या देणार, अन्न फेकून देणार. प्रत्यक्ष विश्वनाथ वर द्यायला आले तरी हा म्हणाला, गुरूंना विचारून येतो. आणि गुरूंनी नको म्हटलं म्हणून त्यानं वर नाकारला! आमच्या वयाच्या माणसांना ही कथा ऐकताना आजही डोळ्याला पदर, नाहीतर उपरणं लावावं लागतं. एक गुरू, एक निष्ठा. इथे दुसऱ्याचा विचारच नाही.

दुसरं उत्तर भागवताचं. एकादश स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. या अवधूताला आपली परंपरा दत्तात्रेय मानते. राजा विचारतो, इतका आनंदी तू कसा? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध गोळा करणारा, हरीण, मासा, पिंगला वेश्या, टिटवीसारखा ओरडणारा कुरर पक्षी, लहान मूल, कुमारिका, बाण करणारा कारागीर, साप, कोळी आणि कुंभारमाशी. आणि शेवटी तर तो सरळ सांगतो की एकाच गुरूकडून मिळालेलं ज्ञान पक्कं आणि भरपूर होत नाही. नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर आपलं भागवत रचलं आणि १५७३ साली काशीत पुरं केलं. म्हणजे ज्या काशीत दीपकानं एकाच गुरूची सेवा केली, त्याच काशीत चोवीस गुरूंची कथा मराठीत पूर्ण झाली. आणि हे लिहिणारे नाथ स्वतः कसे? तर जनार्दनस्वामींशिवाय दुसरं नाव न घेणारे. प्रत्येक ठिकाणी 'एका जनार्दनी'.

मग खरं काय?

मला या प्रश्नाचा उलगडा पोथीत झाला नाही. तो झाला एका वाजंत्र्याच्या चरित्रात. वाजंत्री म्हटलं तर त्यांना राग आला नसता, कारण त्यांनी खरोखरच सगळं वाजवलं. ते मैहरचे बाबा, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. कुणी म्हणेल, दत्तजयंतीच्या अंकात खाँसाहेब कशाला? भक्तहो, देवगिरीवर नाथांना दत्तमहाराज दिसले ते मलंगाच्या वेषात, असं आपणच कीर्तनात ऐकत आलो. वेष बघून मान फिरवायची नाही, हा त्या कथेचाच धडा आहे. आणि बाबांचं तर असं की पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस मैहरच्या टेकडीवरच्या शारदामातेचा निस्सीम भक्त होता.

आता त्यांनी गुरू किती केले ते बघा. आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडियाजवळच्या शिवपूर गावचं हे पोर. गाण्याच्या वेडापायी लहानपणीच घरातून पळालं. कलकत्त्याला गोपालकृष्ण भट्टाचार्य, ज्यांना लोक नुलो गोपाल म्हणत, त्यांच्याकडे गाणं शिकलं. गुरूंनी अट घातली बारा वर्षांची. पण सातेक वर्षं झाली आणि प्लेगनं गुरू गेले. ज्या गुरूंनी गळा घडवला तेच राहिले नाहीत, म्हणून यांनी गाण्याकडून मोर्चा वाद्यांकडे वळवला. अमृतलाल दत्त यांच्याकडे वाद्यं शिकले. हे दत्तबाबू स्वामी विवेकानंदांच्या नात्यातले. लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले. आपल्या गोव्याचा माणूस कलकत्त्यात, आणि त्याच्याकडे शिकायला पूर्व बंगालचा पोरगा! हजारी उस्तादांकडे सनई शिकले. मृदंग, तबला शिकले. अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद. आणि एवढं सगळं झाल्यावर रामपूरला वजीर खाँ यांच्या दारात जाऊन उभे राहिले. वजीर खाँ म्हणजे तानसेनाच्या परंपरेतले बीनकार. दार काही उघडेना, तेव्हा हा वेडा रामपूरच्या नबाबाच्या गाडीपुढे आडवा झाला, असं सांगतात. नबाबानं बोलावून विचारलं, काय काय वाजवता येतं? यांनी एकेक वाद्य वाजवून दाखवलं. मग नबाबाच्या शब्दावरून शागिर्दी मिळाली.

इथवर ऐकलं की वाटतं, झालं! चोवीस गुरूंच्या बाजूनं निकाल लागला. पण थांबा.

वजीर खाँ यांनी शिष्य केलं खरं, पण शिकवलं काहीच नाही. दोन-अडीच वर्षं बाबा नुसते पडतील ती कामं करत राहिले. सात जणांकडे शिकून आलेला माणूस, हाताला सगळी वाद्यं येतात, रागानं उठून आठव्याकडे जाणं काय अवघड होतं? पण ते गेले नाहीत. इतके दिवस मधमाशीसारखा फुलाफुलांवर फिरलेला माणूस इथे दीपक होऊन बसला. पुढे वजीर खाँ यांचं मन पालटलं आणि त्यांनी आपली विद्या या परक्या शिष्याला दिली.

म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही ग्रंथ खरे झाले. अनेकांकडे जाणं आणि एकाच्या दारात ठाण मांडणं या दोन वेगळ्या जातीच्या माणसांच्या गोष्टी नाहीत. एकाच शोधाचे ते दोन टप्पे आहेत.

या कथेत एक बाजू मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही, आणि आपण गृहस्थ मंडळी आहोत म्हणून ती बोललीच पाहिजे. बाबांचं लग्न घरच्यांनी लावून दिलं होतं आणि ते बायकोला सोडून पळाले होते. ते रामपूरला सेवेत बसले असताना गावाकडे ती बाई काय सोसत होती? तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, तशी तार रामपूरला आली, आणि ती तार वाचून वजीर खाँ यांना आपल्या शिष्याची आठवण झाली, असं चरित्रांत सांगतात. म्हणजे दार उघडलं ते कुणाच्या दुःखानं? पुढे बाबांनी एक राग रचला, त्याचं नाव मदनमंजरी, पत्नीच्या नावावरून ठेवलेलं. रागाला नाव देऊन ते ऋण फिटतं का, मला ठाऊक नाही. मला वाटतं, नाही फिटत. गुरुनिष्ठेचा गौरव करताना तिची किंमत घरातलं दुसरंच कुणी मोजत असतं, हे आपल्या कीर्तनांत फारसं येत नाही. दीपकाला बायको-पोरं नव्हती.

आता बाबांमधला शिक्षक बघा. १९१८च्या सुमारास ते मैहर संस्थानात महाराज ब्रिजनाथसिंह यांच्या पदरी आले. त्या काळात रोगाच्या साथीनं कितीतरी मुलं पोरकी झाली होती. बाबांनी ती मुलं गोळा केली, कुणाच्या हाती कुठलं वाद्य रमतंय ते बघितलं आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. मैहर बँड म्हणून तो प्रसिद्ध झाला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचं वाद्य केलं. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून स्वर काढला! स्वतः डावखुरे. तारेची वाद्यं डाव्या हातानं वाजवत आणि तबला-मृदंग उजव्या हातानं.

आणि शिष्य? मुलगा अली अकबर याला सरोद. रविशंकर आणि निखिल बॅनर्जी यांना सतार. पन्नालाल घोष यांना बासरी. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव कमावलेले, तरी पुन्हा विद्यार्थी होऊन बाबांपुढे बसले. आपले मराठी व्ही. जी. जोग यांना व्हायोलिन. प्रत्येकाला वेगळं वाद्य, पण पाठ एकच. बाबा स्वभावानं जमदग्नी. मारायचे, हाकलून द्यायचे. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतः दहा वाद्यं वाजवणाऱ्या या गुरूनं शिष्यांना दहा-दहा वाद्यं दिली नाहीत. एकेकाचं मुख्य वाद्य एकेकच ठेवलं.

त्यांची कन्या अन्नपूर्णादेवी. ती आपल्या मुंबईची म्हणायला हरकत नाही, कारण आयुष्याची शेवटची कितीतरी दशकं तिनं याच शहरात काढली आणि १३ ऑक्टोबर २०१८ रोजी इथेच देह ठेवला. थोरल्या मुलीच्या सासरी गाण्यावरून त्रास झाला म्हणून बाबांनी हिला शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. पण भाऊ रियाज करताना चुकला आणि अंगणात खेळणाऱ्या हिनं त्याला तो पलटा बरोबर गाऊन दाखवला. बाबा मागे उभे! त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. सतार हाताला चांगली बसल्यावर बाबांनी विचारलं, सूरबहार शिकशील? सतार सगळ्यांना आवडते, सूरबहार फक्त जाणकाराला कळतो, लोक टोमॅटोसुद्धा मारतील, चालेल? मुलगी म्हणाली, आपण सांगाल ते. आणि तिनं सूरबहार धरला.

पुढे तिनं जाहीर कार्यक्रम थांबवले आणि दार लावून घेतलं. पण शिकवणं थांबवलं नाही. निखिल बॅनर्जींना पुढची तालीम दिली ती सतारीची. हरिप्रसाद चौरसिया आले ते बासरी घेऊन. त्या आधी चांगलं नाव झालेलं होतं, पण बाई म्हणाल्या, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. त्यांनी उजवीकडची बासरी डावीकडे धरून सगळं नव्यानं सुरू केलं, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. आता मला सांगा, सूरबहार वाजवणारी बाई बासरी कशी शिकवते? ती गाऊन शिकवायची. शिष्याच्या हातात तार असो, फुंक असो, ती गळ्यानं जागा दाखवायची आणि शिष्यानं ती आपल्या वाद्यावर शोधायची.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाद्यं अनेक, पण बाबांनी दिलं ते वाद्य नव्हतंच. ते होतं गाणं. वाद्य म्हणजे नुसता दरवाजा. आपल्या दत्तमूर्तीला तीन मुखं आणि देह एक, याचा अर्थ मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका सूरबहारवालीनं समजावला.

दत्तजयंतीशी जोडलेली दुसरी एक गोष्ट सांगतो. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. कुरुंदवाड म्हणजे आपल्या नृसिंहवाडीच्या शेजारचं गाव, मध्ये फक्त पंचगंगेचं पाणी. वडील कीर्तनकार. विष्णु लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. शाळेचं शिक्षण संपलं. दत्ताच्या उत्सवात पोराचे डोळे जावेत! त्या आईबापांनी देवाला काय म्हटलं असेल? 'देवाची करणी आणि त्यातून भलंच झालं' असं आज आपण सहज म्हणून जातो. मला ते धाडस होत नाही. झालं ते वाईटच झालं. पण त्यातून वाट काढणारी माणसं निघाली, हे खरं. मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. एकच गुरू, कडक शिस्त, वर्षानुवर्षं. इथे दीपक.

आणि याच एकगुरूच्या शिष्यानं ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली ते मुंबईला आणलं. जिथे फी भरून, वेळापत्रकानं, गाणं आणि वाद्यं कुणालाही शिकता येतील अशी शाळा. गुरूच्या घरी पाणी भरत बसायची अट काढून टाकली. त्यांचेच शिष्य प्रोफेसर बी. आर. देवधर. त्यांनी १९२५ साली मुंबईत गिरगावात आपली संगीतशाळा काढली. त्यांनी तर पाश्चात्त्य संगीतही शिकून घेतलं, वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांच्या पायाशी बसले, त्यांच्यावर 'थोर संगीतकार' हे पुस्तक लिहिलं. आणि त्यांच्या हाताखाली तयार झाले कुमार गंधर्व. देवधरांनी त्यांना आपल्याच घराण्याच्या दावणीला बांधलं नाही. कुमारांनी अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकून घेतलं. शिष्य दुसऱ्याकडे गेला म्हणून गुरूचं मोठेपण कमी झालं नाही. उलट आज कुमारांचं नाव निघालं की देवधरमास्तरांचं निघतंच.

आमच्या तबेल्यातल्या भाषेत सांगायचं तर दावं असावं, पण ते वासराच्या वाढत्या मानेबरोबर सैल करावं लागतं. नाहीतर काचतं.

पण मग माझ्या नातीच्या मास्तरांचं अगदीच चूक का? नाही. अवधूताचे चोवीस गुरू पुन्हा नीट बघा. त्यात मधमाशी आहे, जी लहानमोठ्या फुलांतून सार तेवढं घेते. पण त्याच माशीकडून तो दुसराही धडा घेतो, की साठवून ठेवाल तर साठ्यासकट जाल. त्यात बाण करणारा कारागीर आहे. बाजूनं राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही, असा तो बाणाच्या टोकात बुडाला होता. त्यात धान कांडणारी कुमारिका आहे. हातातली काकणं वाजू लागली म्हणून तिनं एकेक उतरवून शेवटी एकच ठेवलं, तेव्हा आवाज थांबला. आणि त्यात हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुललं आणि जाळ्यात सापडलं! संगीत शिकणाऱ्यानं तर हे हरीण घरात चित्र लावून ठेवावं. गोड लागलं म्हणून धावत सुटणं आणि शिकायला जाणं यात फरक आहे.

म्हणजे चोवीसांतलेच काही गुरू 'एकाला धर' असं सांगणारे आहेत. अनेक गुरू करणाऱ्या अवधूताला अनेकांनी शिकवलं काय, तर एकाग्र हो!

तेव्हा धरसोड आणि शोध यांत फरक कसा ओळखायचा? बाबांच्या चरित्रावरून मला तीन खुणा सापडल्या. पहिली: पहिल्यानं दिलेलं हातात उतरलं आहे का? कंटाळा आला म्हणून सोडलं तर ती धरसोड. बाबांनी एका गुरूला सोडलं ते मृत्यूनं, बाकीच्यांकडचं पुरतं घेऊन ते पुढे गेले. दुसरी: नव्याकडे गेल्यावर जुन्याचं नाव तोंडात राहतं का? ज्याला आधीच्या गुरूचं नाव घ्यायची लाज वाटते त्यानं विद्या चोरली, शिकली नाही. तिसरी: जिथे अवघड लागतं तिथे माणूस थांबतो का? दर वेळी अवघड वळणावरच नवा गुरू आठवत असेल तर समजावं, हरीण आहे.

आता माझा 'अनुभव' सांगतो, जो माझ्या मुलानं एका वाक्यात सांगून टाकला.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो तबला शिकायचा. तीन वर्षं शिकला, हात चांगला चालायचा. इथे पाड्यावर वारल्यांचा तारपा वाजतो, तो ऐकायला रात्री जाऊन बसायचा. भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं ते वाद्य. वाजवणारा श्वास तोडत नाही आणि गोल नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. एक दिवस येऊन म्हणाला, "बाबा, मला तारपा शिकायचाय. तिथले काका शिकवतो म्हणाले." मी म्हटलं, "आधी तबला धड कर. आज हे, उद्या ते, अशानं भिकेला लागशील." आणि खरं सांगू का? आतून मला दुसरंच बोचत होतं. पाड्यावरच्या माणसाला माझ्या पोरानं गुरू म्हणायचं, हे मला पटलं नव्हतं. रोज पोथीत वाचायचं की अवधूतानं वेश्येला गुरू केलं, अजगराला केलं. आणि दारात तारपा आला तर जात आठवायची.

मी गुरुनिष्ठेचं नाव पुढे केलं आणि माझा कमीपणा तिच्याआड लपवला. पोरगा पुढे काही बोलला नाही. महिन्याभरात तबलाही बंद झाला. तो तबला आजही आमच्या माळ्यावर आहे. शाई तडकली आहे, वाद्या सैल पडल्या आहेत. दोन्हींतलं एकही त्याच्याकडे राहिलं नाही.

म्हणून मला वाटतं, गुरू एक की अनेक हा प्रश्न शिष्याच्या आधी वडीलधाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना विचारायला हवा. तुम्ही शिष्याला धरून ठेवता ते त्याच्या विद्येसाठी, की तुमच्या मानासाठी? बाबा अल्लाउद्दीन रागीट होते, पण पन्नालालांच्या हातातली बासरी काढून त्यांनी सरोद दिला नाही. अन्नपूर्णादेवींनी हरिप्रसादांना सूरबहार धरायला लावला नाही. ज्याचं जे आहे ते वाढवलं. गुरूपणाची कसोटी तीच. आणि शिष्याची कसोटी वर सांगितलेल्या तीन खुणा.

नातीला मी त्या रात्री घरी पोचेपर्यंत एवढंच सांगितलं, "पेटीवरचे तुझे अलंकार तीनही सप्तकांत न अडखळता येईपर्यंत थांब. घाई नको. मग बासरीला जा. पण आधी मास्तरांकडे नारळ घेऊन जा, पाया पड आणि तोंडानं सांग. लपवून जाऊ नकोस."

ती म्हणाली, "आणि ते परत रागावले तर?"

"तर ऐकून घे. चार वर्षांचं ऋण आहे, दोन मिनिटांचा राग त्यात जमा धर."

ती होळीच्या सुमारास गेली. मास्तर रागावले नाहीत म्हणे, पण बोललेही नाहीत. नारळ मात्र ठेवून घेतला. यंदाच्या सप्ताहात ती पेटीवर बसेल आणि आरतीच्या आधी एक भजन बासरीवर वाजवणार आहे. अजून कच्ची आहे, वरचा षड्ज फुटतो तिचा.

मुलाला मी परवा विचारलं, माळ्यावरचा तबला काढू का, शाई नवी लावून आणतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघू." बहात्तर वर्षांच्या बापाला एवढंही पुष्कळ आहे. तबला मी खाली काढून पुसून ठेवला आहे. पाड्यावरचे ते काका आता राहिले नाहीत. त्यांच्याकडे नारळ घेऊन जायचं माझं राहून गेलं, तो यंदा दत्तमहाराजांपुढे ठेवीन.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥